गरवण्याची दांडी आणि रीळ : तीन पिढ्यांनी वर्षभर वापरल्यानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी माझ्या ११ वर्षांच्या मुलीसाठी गळाची ७ फुटी दांडी आणि स्पिनिंग रीळ असा संच विकत घेतला. दांडीला २,१०० आणि रिळाला २,६०० रुपये पडले. तेव्हापासून दिवाळी, नाताळ, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी मिळून सुमारे ४० दिवस हा संच वाघोटनच्या खाडीत, खाऱ्या पाण्यात वापरला गेला. मुलीने वापरला, मी वापरला आणि माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांनीही वापरला. अशा वस्तूंची जी परीक्षणे वाचायला मिळतात ती बहुतेक पहिल्या आठवड्यात लिहिलेली असतात. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या वस्तूचे खरे रूप मात्र ती एक पावसाळा माळ्यावर काढून पुन्हा खाली उतरली की समजते, म्हणून मी मुद्दाम थांबून आता लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण या मापाचे आणि या किमतीचे संच अनेक कंपन्या विकतात, आणि गावातील इतरांच्या दांड्या हाताळून पाहिल्यावर त्यांच्या गुणदोषांत मला मोठा फरक दिसला नाही. घेणाऱ्याने नावापेक्षा माप आणि बांधणी पाहावी.

आमच्याकडे गळाने मासे पकडण्याला गरवणे म्हणतात, आणि गळाच्या आकड्याला गरी. विजयदुर्गापासून खारेपाटणच्या दिशेने आत शिरणाऱ्या या खाडीच्या काठावर माझे आजोबा सुती दोरीने गरवत. ती दोरी खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवलेली असे, आणि त्या तपकिरी दोरीचा तुकडा आमच्या घरात अजून जपून ठेवलेला आहे. वडिलांच्या तरुणपणी तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आला. मी ७ वर्षांचा असताना त्यांनी मला पांगाऱ्याच्या लाकडाचा एक ठोकळा दिला; त्यावर २५ वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) तंगूस गुंडाळलेला होता, टोकाला शिशाचे वजन आणि वीतभर वर एक गरी. पांगारा का, असे मी विचारले नव्हते. पुढे एकदा ठोकळा हातातून सुटून पाण्यात पडला आणि बुडण्याऐवजी तरंगत राहिला, तेव्हा उत्तर मिळाले.

तोच ठोकळा मी मुलीच्या हाती द्यायला हवा होता, आणि सुरुवातीला दिलाही होता. पण हातदोरी डोक्याभोवती गरगर फिरवून नेमक्या क्षणी सोडण्याचे काम पुण्यात वाढलेल्या आणि वर्षातून महिना-दीड महिनाच काठावर येणाऱ्या मुलाला लवकर साधत नाही. शिसे मागच्या कांदळात, म्हणजे खारफुटीत, अडकते, गरी कपड्यात रुतते, आणि जेमतेम दहा-बारा हातांवर पडलेल्या आमिषाला शेंगटी या काटेरी माशाशिवाय कोणी विचारत नाही. दोन सुट्ट्या अशा गेल्यावर तिने धक्क्यावर यायचेच टाळले. मला दांडीची गरज वाटली ती यामुळे.

वडिलांना ही खरेदी पसंत नव्हती. दांडी पाहून ते एवढेच म्हणाले, “ही सायबाची काठी हयसर काय करतली?” हा समज अनेकांचा असतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. छंद म्हणून गळ टाकणे आपल्याकडे इंग्रजांच्या फार आधीपासून आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग असून त्यात माशांच्या जाती, त्यांना आवडणारी आमिषे आणि गळाची दोरी यांची चर्चा आहे. मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण दांडीला हात लावला नाही.

आता संचाविषयी. दांडी दोन तुकड्यांची असून फायबरग्लास आणि कार्बन यांच्या मिश्रणाची आहे. मुठीच्या थोडे वर तिच्यावर १० ते ३० ग्रॅम असे वजन छापलेले आहे, आणि नव्याने घेणाऱ्याने सर्वांत आधी पाहावी अशी गोष्ट हीच. आमच्या खाडीत ओहोटीच्या ओढीला २० ते २५ ग्रॅमचे शिसे तळाला टिकते, म्हणून हे माप आम्हाला योग्य ठरले. संथ तलावासाठी ते जड आहे, आणि उघड्या समुद्रावर लाटेच्या पलीकडे ५०-६० ग्रॅमचे शिसे फेकू पाहणाऱ्यासाठी दांडी हलकी पडेल. घडीची, म्हणजे एकात एक सरकणारी दांडी प्रवासाला सोयीची म्हणून अनेक जण घेतात; मी ती घेऊ नये असे सांगेन, कारण तिच्या सांध्यांत वाळू आणि मीठ जाऊन बसते. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे वैशाखाच्या शेवटी वळवाचे ढग जमले की दांडी खाली ठेवून घरी परतावे आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये. ही सूचना खोक्यावर बारीक अक्षरांत इंग्रजीत आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर ती मोठ्या अक्षरांत आणि मराठीत असायला हवी.

फेकीच्या बाबतीत संचाने अपेक्षेपेक्षा अधिक दिले. तर्जनीने तंगूस धरून बेल, म्हणजे तंगूस अडवणारी रिळावरची तार, उघडायची, दांडी मागून पुढे आणायची आणि टोक समोर आले की बोट सोडायचे, हा क्रम मुलीला एका सकाळीत जमला. दुसऱ्या दिवशी तिची फेक पस्तीस-चाळीस पावलांवर, खडकाच्या कडेच्या खोल पाण्यात पडू लागली. हातदोरीने तिथवर पोहोचायला मला दोन वर्षे लागली होती.

दोष मात्र पहिल्याच आठवड्यात दिसले. रिळावर कारखान्यातून भरून आलेला तंगूस इतका काठोकाठ होता की फेकताना त्याची वेटोळी एकदम सुटून गुंता होई. स्पूलच्या, म्हणजे तंगूस गुंडाळला जातो त्या चकरीच्या, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवून तो मी पुन्हा भरला आणि तक्रार संपली. सोबत फुकट मिळालेल्या गऱ्या चार दिवसांत गंजल्या; त्या सरळ टाकून द्याव्यात आणि बाजारातून कथिलाचा मुलामा दिलेल्या वेगळ्या घ्याव्यात. गरीचा आकडा जितका मोठा तितकी ती लहान, आणि १ च्या पुढे १/०, २/० असा क्रम सुरू झाला की उलट मोठी, हे न कळल्याने मी पहिल्या खेपेला मुडदुशीसारख्या लहान माशाच्या मापाऐवजी जिताड्यासारख्या मोठ्या माशाच्या मापाच्या गऱ्या घेऊन आलो होतो.

सर्वांत गंभीर दोष बेलवरच्या छोट्या चाकाचा. तंगूस ज्या चाकावरून वळून स्पूलवर जातो ते चाक डिसेंबरात मिठाने घट्ट बसले आणि तंगूस त्यावर घासून कुसळासारखा खरखरीत झाला. ज्या विक्रेत्याकडून संच घेतला त्याने खाऱ्या पाण्यातला वापर हमीत बसत नाही असे कळवून विषय संपवला. समुद्राच्या मासेमारीसाठी म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल असे उत्तर येणे मला अन्यायाचे वाटते. शेवटी तालुक्याच्या बाजारात जाळी, दोर आणि शिसे विकणाऱ्या एका जुन्या दुकानदाराने स्क्रू काढून, गोड्या पाण्याने धुऊन, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून ते चाक पाच मिनिटांत मोकळे केले आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसणे, आठवड्याला तेलाचा थेंब आणि ड्रॅग (तंगुसाचा ताण ठरवणारी रिळाची सोय) सैल करून ठेवणे हे काम मुलीकडे आहे, आणि चाक पुन्हा अडकलेले नाही. रिळावर नळ जोरात सोडू नये. पाण्याच्या दाबाने मीठ आत ढकलले जाते.

हे सारे कोणत्याही दांडीबद्दल लिहिता येईल. मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते स्पर्शाबद्दल आहे, कारण आमच्या घरात गरवण्याची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती बोटातून.

हातदोरी धरणाऱ्याच्या तर्जनीवरून जाते. तळाशी काय चालले आहे ते त्या बोटाला कळते. पालू आधी दोनदा हलकेच टोचतो आणि मग ओढतो. शेंगटी नुसती जड होते. मुडदुशी दोरी थरथरवते. तांबोशी काही कळू देत नाही. ती एकदम धावते. खेकडा आमिष खात असेल तर दोरी ताणली जाते आणि पुन्हा सैल पडते, आणि मग आमिष बदलायचे असते. मी लहान असताना वडील स्वतःचे बोट माझ्या बोटाशेजारी त्याच दोरीवर ठेवत आणि टोच आली की काही न बोलता माझ्याकडे पाहत. मला माशाचे नाव सांगावे लागे. चुकलो तर ते मान हलवत आणि आम्ही दोघेही तसेच बसून राहत असू. ही परीक्षा कित्येक वर्षे चालली. दांडीमध्ये हे सगळे टोकाच्या हालचालीत दिसते, म्हणजे ज्ञान बोटातून डोळ्यात जाते, आणि पहिले काही दिवस मला वाटत होते की या संचाने मुलीला मासे मिळतील पण ही ओळख मिळणार नाही. दांडीचे टोक पालूलाही वाकते आणि लाटेलाही वाकते. मुलगी प्रत्येक वेळी झटका देई आणि गरी रिकामी येई.

नोव्हेंबरात एका सकाळी वडील तिच्या मागे येऊन बसले. तिने पुन्हा झटका द्यायला हात उचलला तसे ते म्हणाले, “थांब गो बाय, खाव दे तेका.” मग त्यांनी पुढे वाकून, रीळ आणि दांडीचे पहिले कडे यांच्या मधल्या तंगुसाखाली आपली उजवी तर्जनी घातली आणि तो किंचित वर उचलून धरला. तिलाही तसेच करायला लावले. दोघांची बोटे एकाच तंगुसावर होती. टोच आली, दुसरी आली, आणि तिसऱ्या ओढीला त्यांनी तिच्या कोपराला खालून हलकासा धक्का दिला. तळव्याएवढा पालू वर आला. हातदोरीची युक्ती दांडीवर अशी वापरता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि संचासोबतच्या पुस्तिकेतही ती नाही. दांडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हीच एक गोष्ट आधी शिकायला सांगेन, कारण ती आल्यावर या स्वस्त दांडीचा मंद स्पर्श हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

ड्रॅगची गोष्ट वेगळी. मासा जोरात ओढू लागला की ठरावीक ताणानंतर स्पूल मागे फिरून तंगूस सोडते, आणि तो ताण वरच्या चकतीने कमी-जास्त करता येतो. हातदोरीत हे काम तळहाताची कातडी करते. माझ्या उजव्या तर्जनीवरचा पांढरा व्रण एका जिताड्याने केलेला आहे. लहान मुलाच्या हातात दोरीऐवजी दांडी देण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते हेच. मात्र ड्रॅग किती आवळावा याची समज संचासोबत येत नाही. नाताळच्या सुट्टीत एक मोठी तांबोशी लागली. मी ड्रॅग जास्त सैल ठेवला होता, त्यामुळे ती सरळ खडकाच्या कपारीत शिरली आणि कालवांच्या धारेवर तंगूस कापून गेली. मुलगी बराच वेळ तुटलेले टोक हातात धरून उभी होती. ते टोक वडिलांनी घेतले, बोटांमधून फिरवले आणि खरखरीत झालेला तीन हातांचा भाग कापून टाकून शेवटी जाड तंगुसाचा तुकडा जोडायला सांगितले. जिताड्यासाठीही हा जाड तुकडा लागतोच, कारण त्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असतात आणि डोके झटकून तो बारीक तंगूस सहज तोडतो. गाठ आवळण्यापूर्वी वडील ती ओठांत धरून ओली करतात. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस दुबळा होतो. मी तसेच करतो. आता मुलगीही तसेच करते, आणि तिला हे तोंडाने सांगितल्याचे मला आठवत नाही.

वेळेचे ज्ञानही संचात मिळत नाही. मुलगी फोनवर भरतीची वेळ पाहते. वडील तिथी मोजतात : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की मुंबईच्या पूर्ण भरतीचा वाजण्याचा आकडा मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्या खाडीत भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेवढी वजाबाकी ते करतात. दिवाळीत दोघांनी आठ दिवस आपापल्या वेळा पडवीतल्या पाटीवर लिहिल्या, आणि फरक कोणत्याही दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त आला नाही. मुलीला जे पटले ते मात्र वेगळेच होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार ओढते आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ते संथ असते, म्हणून २५ ग्रॅमचे शिसे कधी पुरते आणि कधी पुरत नाही हे तिथीवरून आदल्या दिवशीच सांगता येते. फोन भरतीची वेळ दाखवतो, पण शिसे कोणते बांधायचे हे काढायला ती आता आजोबांनाच विचारते.

पावसाळ्यात संच वापरला नाही. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला तो नियम लागू नाही, पण जिताडा याच दिवसांत खाडीच्या मुखाशी अंडी घालतो, आणि आमच्या घरात नारळी पौर्णिमेआधी गरी पाण्यात पडत नाही. जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा जिताडा मारणे म्हणजे बहुधा मादीच मारणे, हे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले की मग आपण लहानही सोडायचे आणि मोठेही सोडायचे का. मला पटकन उत्तर देता आले नाही. लहान माशांबद्दल आता कायदाही स्पष्ट आहे; राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. आमच्या दांडीवर वडिलांनी मुठीपासून एका वितीवर लाल दोरा गुंडाळून वर लाखेचा थेंब दिला आहे. मासा दांडीला लावून पाहायचा आणि दोऱ्यापर्यंत पोहोचत नसेल तर परत पाण्यात. सगळ्या जातींना एक माप लावणे शास्त्राला धरून नाही, पण ११ वर्षांच्या मुलीला ते लक्षात राहते आणि ती ते कसोशीने पाळते. शेंगटीला मात्र ती हात लावत नाही, आणि लावूही नये. तिचा काटा बोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि वेदना उतरत नसतील तर दवाखाना गाठावा.

किमतीच्या मानाने हा संच घेण्यासारखा आहे. त्यात गऱ्या, शिसे आणि जाड तंगूस यांचे आणखी पाच-सहाशे रुपये धरावेत. कांदळाच्या आत, दाट फांद्यांखाली गरवणाऱ्याने तो घेऊ नये. तिथे ७ फूट फिरवायला जागा नसते आणि पांगाऱ्याचा ठोकळाच बरा. आठ वर्षांखालील मुलासाठी दांडी सहा फुटांची पाहावी. आणि शक्य असेल तर दांडीच्या आधी एक सुट्टी हातदोरीवर काढावी, मासे मिळाले नाहीत तरी चालेल. आमच्या मुलीच्या त्या दोन रित्या सुट्ट्या मी तेव्हा वाया गेल्या असे समजत होतो, पण तंगुसावर बोट ठेवताच तिला जे चटकन उमगले ते तिथूनच आलेले होते.

एक उपयोग मात्र घेताना माझ्या मनातही नव्हता. संधिवातामुळे वडिलांच्या डाव्या हाताची बोटे मिटत नाहीत, आणि तीन वर्षांपासून त्यांना हातदोरी ओढता येत नव्हती. ते धक्क्यावर येत आणि नुसते बसत. शिमग्याच्या सुट्टीत त्यांनी दांडीची मूठ डाव्या काखेत धरून, पुढचा भाग डाव्या मनगटावर टेकवून, उजव्या हाताने रीळ फिरवून पाहिले. फेकण्याचे काम नातीचे, पुढचे त्यांचे. अडचण एकच होती : रिळाचे हँडल डाव्या बाजूला होते. या प्रकारच्या रिळांत हँडल काढून उजवीकडे बसवता येते. विरुद्ध बाजूचे टोपण काढायचे, दांडा आरपार घालायचा आणि टोपण पुन्हा आवळायचे. काम मिनिटभराचे आहे, आणि इतक्या वेळा उघडझाक होऊनही आटे झिजलेले नाहीत, हे या रिळाबद्दल मी आवर्जून नोंदवतो. मुलीला हँडल डावीकडे लागते, वडिलांना उजवीकडे. मे महिन्यात मी सकाळी उठून पडवीत आलो की दांडी भिंतीला टेकलेली असे, आणि हँडल कोणत्या बाजूला आहे ते पाहून पहाटेची भरती कोणी गाठली ते मला कळत असे. बहुतेक दिवशी ते उजवीकडे असे.